पुरेशी माणसं

संघाच्या बैठकीत पूर्वी शेंगदाणे आधी संपायचे आणि विषय नंतर. पुष्कळदा विषय संपायचाच नाही. संचालक एकवीस, आणि बोलायचं प्रत्येकालाच असायचं, कारण घरी गेल्यावर आपण काय बोललो हे सांगावं लागायचं. पशुखाद्याच्या गोणीचा रंग ठरवायला एकदा आख्खी दुपार गेली. शेवटी उपसमिती नेमली, आणि उपसमितीनं महिन्याभरानं होता तोच रंग कायम केला. दूध संघाची सचिव म्हणून हे सगळं टिपून घेणाऱ्या अनुपमा मगदूमचं डोकं बैठकीच्या आदल्या दिवसापासूनच ठणकायला लागायचं.

मग 'मोजके' आलं.

यंत्रामागचं तत्त्व तसं साधं होतं. बाजारात उभ्या असलेल्या म्हशीकडं बघून ती किती दूध देईल, हे पन्नास जणांना वेगवेगळं गाठून विचारा. कुणी जास्त सांगेल, कुणी कमी. चुका एकमेकींना खाऊन टाकतील आणि सरासरी खऱ्याच्या जवळ येईल. पण आधी सरपंचांनी मोठ्यानं 'चौदा लिटर' म्हटलं, की उरलेले सगळे तेरा ते पंधराच्या आतच घुटमळतात. आता सगळ्यांच्या चुका एकाच बाजूला झुकलेल्या. तोंडं पन्नास, डोकं एक. शिवाय माणसं वाढली की त्यांच्यातली बोलणी त्याहून कितीतरी वेगानं वाढतात. पाच जणांत दहा जोड्या होतात, तर एकवीस जणांत दोनशे दहा. प्रत्येक जोडीचं एक जुनं भांडण धरलं, तरी दुपार कुठं जाते ते कळतं.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेनं माणसाचे जुने निर्णय, बोलण्यातलं अडखळणं आणि मनगटावरच्या पट्टीतून कळणारी नाडी यांवरून तो कुठं आणि किती चुकतो, हे मोजायचं तंत्र काढलं होतं. एकट्याची चूक मोजणं सोपं. कोणाची चूक कोणासारखी आहे हे मोजणं अवघड, आणि त्यांना तेच जमलं. कुठलाही प्रश्न दिला की यंत्र एकेक माणूस वाढवून बघायचं. आणखी एकाला घेतल्यानं चूक कमी होईनाशी झाली, की तिथं थांबायचं. उरलेली ती पुरेशी माणसं.

पहिल्याच बैठकीत 'मोजके'नं एकवीसमधून तिघांना आत बोलावलं. दूध भुकटीचा कारखाना वाढवायचा की नाही, या दोन वर्षं लोंबकळणाऱ्या प्रश्नाचा निकाल चहा यायच्या आत लागला, आणि बरोबर निघाला. पुढच्या उन्हाळ्यात आजूबाजूचे संघ बुडायला आले, हा तरला. अध्यक्ष आबा खोत मात्र त्या तिघांत नव्हते. पुढंही फारसे कधी नसायचे.

"सचिवबाई, पाचामुखी परमेश्वर म्हणत्यात," बाहेरच्या बाकावर बसून आबा म्हणाले.

"तीनमुखीही असतो की आबा. दत्त."

आबांना हसू आलं नाही. अनुपमाला आलं. त्या दिवसांत तिला ऊठसूट हसू यायचं, कारण डोकं दुखायचं थांबलं होतं.

यंत्र तिला इतकं आवडलं की तिनं ते घरात आणलं. मगदूमांच्या घरात एक रीत होती. काही मोठं ठरवायचं असलं की मळ्यातल्या घरी सगळ्यांनी जमायचं, सुनांनी आणि सासरी गेलेल्या लेकींनीसुद्धा. सगळ्यांत धाकट्यानं आधी बोलायचं, थोरल्यानं शेवटी. बोलणं संपल्याशिवाय पानं वाढायची नाहीत. आणि घर जैनांचं, म्हणजे दिवस मावळल्यावर जेवण नाही. त्यामुळं मगदूमांच्या कितीतरी वादांचा निकाल तत्त्वानं नव्हे, भुकेनं लागला होता. धाकटे आधी बोलायचे हे खरं, पण थोरल्या भूपालभाऊजींच्या मनात काय आहे हे धाकट्यांना आदल्या दिवशीच ठाऊक असायचं. म्हणजे पुन्हा सरपंचांची म्हैसच.

गेल्या दिवाळीत अनुपमानं घरातल्या अकराही मोठ्या माणसांची नावं 'मोजके'त घातली. बाराव्या सासूबाई आक्का, त्या तेवढ्या नको म्हणाल्या. "मला आता काय ठरवायचंय? तुमीच बघा," म्हणाल्या आणि मनगट पदराखाली घेतलं. कूपनलिका कुठं मारायची, या पहिल्याच प्रश्नाला यंत्रानं इचलकरंजीच्या त्रिशलावन्संच्या यजमानांना एकट्यालाच निवडलं. यंत्रमागांत जन्म गेलेला माणूस! सगळे हसले, आणि पाणी लागलं. "बेस झालं," भूपालभाऊजी म्हणाले, "आता जेवण तरी येळंवर मिळंल." मळ्यातल्या बैठका तेव्हापासून बंद पडल्या. कुणालाच त्यांची आठवण झाली नाही.

चैत्रात एका सकाळी आक्का चहाचा कप हातात धरून बोलता बोलता गप्प झाल्या. कप पडला. विनाचालक रुग्णवाहिकेनं त्यांना मिरजेला नेलं. बरोबर अनुपमा आणि तिचा नवरा शीतल होते. बाकीचे मागून निघाले.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. डॉ. मुजावरांनी पडद्यावर पांढरी गाठ दाखवली. "कवटी उघडून गाठ काढली तर जीव बहुतेक वाचेल, पण वाचा जाईल अशी भीती आहे. औषधांवर थांबलो तर कदाचित पूर्ण बऱ्या होतील, कदाचित राहणारच नाहीत. ठरवायचं लगेच."

नातेवाइकांच्या झुंडीला कंटाळून दवाखान्यांनीही 'मोजके' घेतलं होतं, आणि त्याच्या निवडीला आता कायद्याचा आधार होता. मगदूमांची माहिती त्यात आयतीच होती. पडद्यावर अक्षरं उमटली: पुरेशी माणसं, एक. अनुपमा शीतल मगदूम.

"माझी आई आहे ती," शीतल म्हणाला.

"म्हणूनच," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "तुम्हा तिन्ही भावंडांची भीती एकसारखी आहे. तुम्ही एकाच बाजूला चुकाल."

"दादा अर्ध्या तासात येतोय."

"अर्धा तास नाहीये."

शीतलनं अनुपमाकडं बघितलं. ती नजर तिला पुढं फार दिवस छळणार होती. त्या नजरेत राग नव्हता, नुसती रिकामी जागा होती, बैठकीबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाची. अनुपमानं अंगठा टेकवला.

आक्का वाचल्या. वाचा गेली, उजवी बाजू लुळी पडली. समजूतही किती उरली होती ते नक्की सांगता येईना. यंत्रानं महिन्याभरानं फेरतपासणी केली आणि निर्णय योग्य होता असं कळवलं. तेव्हा थांबले असते तर आक्का गेल्या असत्या, हे डॉक्टरांनीही सांगितलं.

भूपालभाऊजी काचेतून आईकडं बघत उभे होते. "जगली. बरं झालं."

"भाऊजी, वेळच नव्हता हो."

"मी कुटं काय म्हणालो? तुमास्नी इचारलं, तुमी सांगिटलं. आमी कोण?"

एरवी 'अगं अनुपमा' म्हणणारे भाऊजी 'तुमी'वर आले होते.

आणि मग सगळे पाहुण्यासारखे येऊ लागले. शहाळं आणायचे, सफरचंदं आणायचे, खुर्चीच्या कडेवर टेकायचे. "आज काय खाल्लं?" विचारायचे आणि उत्तर संपायच्या आत उठायचे. वाईट कुणीच बोलत नव्हतं, वाईट बोलले असते तर बरं झालं असतं. आक्कांना कुशीवर वळवणं, पेज भरवणं, केस विंचरणं, सगळं अनुपमावर आलं. सकाळी दवाखाना, मग संघ, दुपारी पुन्हा दवाखाना, पुन्हा संघ. टँकरच्या फेऱ्या आखताना तिला औषधाच्या वेळा आठवायच्या आणि औषध देताना टँकर.

शीतल सोबत असायचा, पण नुसता असायचा. दिवसपाळीची बाई बदलायची का, तर म्हणे "तू सांग". तेल कुठलं आणायचं? "तू सांग."

"मी काय सांगू? आई तुझी आहे!" एकदा ती जिन्यात ओरडलीच.

"ते तेव्हा सांगितलं होतं मी," शीतल म्हणाला. आवाज चढलाही नाही. "यंत्राला पटलं नाही. तुला पटलं?"

ती तरातरा खाली उतरली आणि संघात जाऊन विनाकारण दोन कारकुनांवर डाफरली.

संघातही काही धड चालत नव्हतं. डोंगराकडच्या वाड्यांमधली लहान संकलन केंद्रं बंद करून एक मोठं केंद्र करायचा निर्णय दोघांनी मिळून घेतला होता. दोघं म्हणजे पुरेशी माणसं, निर्णयही चोख. पण वाड्यांवरच्या बाया नव्या केंद्राकडं फिरकल्याच नाहीत. दूध खासगी डेअरीच्या गाड्यांत जाऊ लागलं. अनुपमा आबा खोतांच्या घरी गेली. आबा गोठ्यात होते.

"आबा, त्या भागात तुमचा शब्द चालतो. जरा समजावून सांगा ना."

"काय सांगू?" आबांनी वैरण टाकली. "का बंद केली, मलाच ठावं न्हाई."

"कारणं पाठवली होती मी."

"वाचली की. बराबर असत्याल. पर माजी न्हाईत ती." आबा हात पुसत वळले. "मी त्या बैठकीत असतो तर भांडलो असतो, सचिवबाई. तुमचं डोस्कं उठवलं असतं. हरलोबी असतो. आन् मग त्याच वाड्यांत जाऊन तुमचीच बाजू मांडली असती. हरलेल्या माणसाला दुसऱ्याची बाजू तोंडपाठ असती बगा."

अनुपमा गाडीत बसली, पण गाडी सुरू करायचं तिला सुचेना. तिनं प्रयोगशाळेत फोन लावला. एक शांत, तरुण आवाज म्हणाला, "निर्णयाचा दर्जा आणि लागलेला वेळ, एवढंच आम्ही मोजतो. पुढची अंमलबजावणी यंत्राच्या कक्षेत नाही."

"पण निर्णय घ्यायचा तो पुढच्यासाठीच ना?"

"ते सूचना म्हणून नोंदवून घेऊ का, मॅडम?"

उंटावरचे शहाणे, ती पुटपुटली. मग तिला आठवलं, की उंट तिनंच दारात आणून बांधला होता.

वैशाख संपता संपता डॉ. मुजावरांनी तिला बोलावलं. पुण्याला एका केंद्रात मेंदूला सूक्ष्म विद्युत्स्पंदनं देऊन वाचा परत आणायचे उपचार होत होते. सहा महिने तिथंच राहावं लागणार होतं, सोबत एकच माणूस. "तिथं वाचा परत यायची शक्यता साठ टक्के धरा. घरी, नुसत्या व्यायामावर, वीस. एक खाट मोकळी झालीय. उद्या सकाळपर्यंत कळवायला हवं, नाहीतर ती याच वॉर्डातल्या कुंभोजच्या बाईंना जाईल."

पडद्यावर पुन्हा तेच नाव होतं. पुरेशी माणसं, एक.

अनुपमा आक्कांजवळ गेली. "आक्का, पुण्याला जायचं? बोलता येईल परत." आक्का हसल्या. "का घरी जायचं, मळ्यात?" आक्का तशाच हसल्या. दोन्ही वेळचं हसू सारखंच होतं.

पुणंच बरोबर होतं. तिला कळत होतं, यंत्राला कळत होतं, डॉक्टरांना कळत होतं. अंगठा टेकवायचा की संपलं. आणि मग सहा महिने पुण्यात ती आणि आक्का, दोघीच. आक्का परत बोलायला लागल्या तरी बोलणार कुणाशी? पाहुण्यांशी? आणि नाहीच बोलल्या, तर? इतकं एकटं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

तिनं सगळ्यांना निरोप धाडला: आत्ता या. सगळेजण. ठरवायचंय.

दवाखान्यामागच्या धर्मशाळेच्या ओसरीवर अकरा माणसं जमली. सगळ्यांत धाकटा, त्रिशलावन्संचा प्रणीत, मोबाईलशी चाळा करत म्हणाला, "मामी, यंत्रानं तुमचंच नाव दिलंय ना?"

"दिलंय. तरी तू बोल."

त्यानं अडखळत पुणं म्हटलं. दुसरी घर म्हणाली. तिसऱ्याच्या मध्येच भूपालभाऊजी, ज्यांनी शेवटी बोलायचं, ते उसळले. "आज बरं आमी आठवलो! तिची जीब गेली तवा कुटं गेली हुती ही रीत?"

"अर्ध्या तासाचा प्रश्न होता, भाऊजी!"

"फोन लागत हुता की! एक शब्द इचारायचा हुता. मी बी तेच म्हणालो असतो, कापा म्हणून. पर म्हणालो असतो तरी!"

त्रिशलावन्सं रडायला लागल्या. "मी लेक हाय तिची. मला दारात उभं राहून कळलं. आईच्या अंगाला हात लावायची चोरी झाली बाई मला. म्हटलं, आपण कोण?"

साचलेलं सगळं बाहेर पडलं. कूपनलिकेपासून निघालं, जुन्या वाटणीपर्यंत गेलं, परत आक्कांवर आलं. अनुपमाही कडाकडा भांडली. तिनं साठ टक्के सांगितले, वीस टक्के सांगितले, तीनतीनदा सांगितले. शीतल तिच्या बाजूनं बोलला, मग विरुद्ध बोलला, पण बोलला. तिच्या मनगटावरची पट्टी थरथरत होती: दर्जा घसरत आहे, शिफारस एक. तिनं ती काढून पिशवीत टाकली.

भूपालभाऊजींचं एकच म्हणणं होतं. परक्या ठिकाणी आई झुरून मरेल, मळ्यात आणा, आम्ही करू. त्याला ना आधार होता ना आकडा. नुसती भीती होती, आणि यंत्रानं सांगितलं होतं तशी तिन्ही भावंडांची सारखीच. एकेक जण तिकडं झुकत गेला, आणि ते झुकणं अनुपमाला डोळ्यांनी दिसत होतं. दिवस मावळला. डबे तसेच राहिले, त्या दिवशी कुणीच जेवलं नाही.

"घरी," भाऊजी शेवटी म्हणाले.

सगळे अनुपमाकडं बघू लागले. अंगठा अजून तिचाच होता. तिनं पुणं दाबलं असतं तरी कायद्यानं कुणाला काही करता आलं नसतं. ती वॉर्डात गेली, आक्कांच्या उशाशी क्षणभर उभी राहिली आणि मनातल्या मनात त्यांची क्षमा मागितली. मग तिनं घर निवडलं. पडद्यावर तांबडी ओळ उमटली: निवड शिफारशीविरुद्ध. तिला रडू आवरेना.

आक्का मळ्यात आल्या. भूपालभाऊजींनी कॉट स्वतः हलवून पूर्वेच्या खिडकीशी लावली, मग ऊन येतं म्हणून परत हलवली. त्रिशलावन्सं आठवड्यातले तीन दिवस येऊन राहू लागल्या आणि पेज किती पातळ हवी यावरून थोरल्या जाऊबाईंशी वाद घालू लागल्या. प्रणीतनं जिभेचे व्यायाम शिकून घेतले. आजीसमोर बसून तो इतकी वेडीवाकडी तोंडं करायचा की बघणाऱ्यांची मुरकुंडी वळायची. शीतल आईला उचलून अंघोळीला न्यायला लागला. काय हवं, काय नको हे आता अनुपमाला कुणी विचारत नव्हतं, उलट तीच कुठं चुकते ते सांगत होते. तिची झोप परत आली. काळजी मात्र गेली नाही. रोज सकाळी ती आक्कांच्या ओठांकडं बघायची. ओठ हलायचे, शब्द येत नव्हता.

कार्तिकात एक दिवस दारात गाडी थांबली. कुंभोजच्या बाई आल्या होत्या, पुण्याची ती खाट ज्यांना मिळाली त्या. काठी टेकत पुढच्या सोप्यात आल्या, आक्कांचा हात हातात घेतला आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "वळकलं का मला, आक्का? शेजारच्या खाटंवर हुते की मी. तुमच्यावाणीच मुकी."

आक्कांनी त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघितलं. त्यांचा डावा हात हळूहळू वर आला. बोटं बाईंच्या ओठांपाशी गेली आणि तिथंच थांबली.

बाई बोलत राहिल्या. पाऊसपाणी, नातवंडं, पुण्याची हवा. चहा पिऊन निघून गेल्या. गाडीचा आवाज गेला तरी घरात कुणी हललं नाही. पेजेची वाटी भूपालभाऊजींच्या हातात होती आणि चमचा मध्येच थांबला होता.

"आपलं चुकलं," भाऊजी म्हणाले. "चुकलं गं, अनुपमा."

त्रिशलावन्संनी पदर तोंडात धरला. शीतल भिंतीकडं बघत होता.

मी सांगत होते. तीनतीनदा सांगत होते. शब्द अनुपमाच्या जिभेवर अगदी तयार होते. खरे होते, तिच्या हक्काचे होते, आणि एकदाच म्हटले असते तरी ती जन्मभरासाठी सुटली असती. त्या घरात न चुकलेलं माणूस ती एकटीच होती.

"हो भाऊजी," ती म्हणाली. "चुकलं आपलं."

ती उठली, आक्कांच्या मानेखाली हात घालून तिनं त्यांना थोडं वर घेतलं. भाऊजींनी डोळे पुसून चमचा पुढं केला.